तोंड नसलेला कावळा

मुलांबरोबर फेल्टच्या बोटबाहुल्या करताना मी एक नियम पाळते. बाहुलीला डोळे लावायचे, चोच किंवा नाक लावायचं, शेपट्या, वेण्या, टोप्या हव्या तेवढ्या. तोंड मात्र काढायचं नाही. मुलं आधी कुरकुर करतात. ‘मग ती बोलणार कशी?’ असं विचारतात. ‘तू आहेस ना बोलायला,’ असं मी म्हणते आणि काळ्या, पिवळ्या, तपकिरी फेल्टचा गठ्ठा मध्ये ठेवते.

फेल्ट मुलांच्या हाताला मानवतं, याचं कारण त्याच्या घडणीत आहे. ते विणलेलं नसतं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि रगडणं यांमुळे ते एकमेकांत असे गुंततात की पुन्हा सुटत नाहीत. काश्मीरचा नमदा असाच तयार होतो. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं रंगीत फेल्ट बहुधा पॉलिएस्टरचं असतं आणि काटेरी सुयांनी टोचून घट्ट केलेलं असतं. पण गुण तोच. उभे-आडवे धागे नाहीत, म्हणून कसंही कापा, दशा सुटत नाहीत. सुती कापडाचा एवढासा कान करायचा तर कड दुमडून शिवावी लागते. फेल्टचा कान कापला की झाला. एक-दीड मिलिमीटर जाडीचं मऊ फेल्ट घ्यावं. कडक शीट बोटावर नीट बसत नाही आणि त्यातून सुई ओढताना मुलं थकतात.

माप प्रत्येकानं आपल्या बोटाचं घ्यायचं. कागदावर तर्जनी ठेवून पेन्सिल फिरवायची आणि दोन्ही बाजूंना सव्वा सेंटिमीटर जागा सोडून दुसरी रेघ मारायची. बोट गोल आहे, कापड सपाट. दोन सपाट तुकड्यांनी गोल बोटाला वेढायचं आणि वर शिवणीलाही जागा ठेवायची, म्हणून ही सूट. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी साधारण चार सेंटिमीटर रुंद आणि सहा उंच असा, वर गोल आणि खाली सरळ आकार मिळतो. तसे दोन तुकडे कापायचे. मुलांना ते लगेच जोडून बोटात घालायची घाई असते. पण डोळे, चोच, पंख आधी पुढच्या तुकड्यावर शिवून घ्यावे लागतात, नाहीतर सुई मागच्या कापडात घुसते आणि बाहुलीचं तोंडच, म्हणजे बोट घालायची जागाच, बंद होते.

भरतकामाच्या लडीतल्या दोऱ्याला सहा पदर असतात. त्यातले दोन पुरतात. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता ठरलेला. सुई मोठ्या नेढ्याची, टोकाला जरा बोथट. खालच्या एका कोपऱ्यापासून वर डोक्यावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत धावदोरा. हात बसला की काजटाका. गोंदानं काम लवकर होतं, पण तो फेल्टमध्ये मुरून कडक डाग पडतो. शिवणीला वेळ लागतो आणि तो वेळ मला हवा असतो, कारण शिवताना मुलं त्या पात्राबद्दल बोलू लागतात.

डोळे शिवण्याआधी मी दोन मणी नुसते ठेवून बघायला सांगते. वर आणि जवळजवळ ठेवले तर चेहरा करडा होतो. खाली आणि दूर सरकवले तर पिल्लू होतं. मोठं कपाळ आणि खाली असलेले मोठे डोळे पाहून आपल्याला माया का वाटते, याबद्दल कोनराड लोरेंझनं 1943मध्ये लिहिलं होतं. मुलांना ते मणी सरकवता सरकवता कळतं. दुसरीतली एक मुलगी चिमणी-कावळ्याच्या गोष्टीसाठी काळ्या तुकड्यावर मणी हलवत होती. एकदम थांबून म्हणाली, ‘ताई, हा घाबरलाय. पाऊस आलाय ना, त्याचं घर वाहून चाललंय.’ चिमणीच्या दारात उभा राहिल्यावर तोच कावळा तिच्या हातात लाडीगोडी लावू लागला. त्याच्या चेहऱ्यावर लाल दोऱ्याचं हसू शिवलं असतं, तर घर वाहून जातानाही तो हसतच राहिला असता. फेल्टनं जे सांगायचं सोडलं, ते तिला आवाजातून आणि बोटातून सांगावं लागलं.

तोंडाची गरज बाहुलीच्या प्रकारावर ठरते. यशवंत पाध्ये यांनी 1916मध्ये घडवलेल्या आणि पुढे रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोचवलेल्या अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याचा जबडा हलायलाच हवा, कारण शब्दभ्रमात आवाज बाहुलीतून येतोय असं वाटायला हवं. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्यांचे लाकडी चेहरे मात्र बदलत नाहीत. राग, दुःख, उतावीळपणा सूत्रांच्या ओढीतून आणि सूत्रधाराच्या आवाजातून येतो. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली. बोटबाहुली या दुसऱ्या घराण्यातली आहे. मूल बोलताना सगळ्यांना दिसतं आणि तरी सगळे कावळ्याकडेच बघतात.

म्हणून कोणतं पात्र कोणत्या बोटावर, हेही आम्ही ठरवून घेतो. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीत म्हातारी अंगठ्यावर शोभते, कारण अंगठाच बाकीच्या बोटांकडे वळून बोलू शकतो. वाघ तर्जनीवर; ती एकटी उठते, वाकते, रोखून बघते. अनामिका एकटी नीट उचलली जात नाही, शेजारच्या बोटांना ती बांधलेली असते. तिथे लेकीला ठेवावं, घरीच असते ती. भोपळा मी जास्त घेरदार शिवून घेते, म्हणजे म्हातारीवरून सरकवला की ती त्यात पूर्ण लपते. त्या क्षणी वाघाच्या बोटाला काहीच दिसत नाही आणि म्हातारीचा आवाज मात्र येतो. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा जिच्या हातात बाहुल्या आहेत ती मुलगीही हरखून जाते.

तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर मण्यांऐवजी गाठीच्या टाक्याचे डोळे करावेत. मणी तोंडात जातात. बाकी वाकडी शिवण, एक पंख मोठा, एक लहान, यांना पालकांनी आणि शिक्षकांनी हात लावू नये. तयार बाहुली टेबलावर मांडून फोटो काढला की काम संपलं असंही समजू नये. ती मुलाच्या बोटात घालावी, आपण समोर बसावं आणि तिला एखादा प्रश्न विचारावा. मुलाला काय वाटतं हे विचारण्यापेक्षा कावळ्याला काय वाटतं हे विचारलं, तर उत्तर लवकर येतं आणि पुष्कळदा ते अधिक खरं असतं. मोठ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकावं, कारण एवढं शिवणकाम त्या उत्तरासाठीच केलेलं असतं.