न दुखणारें दुखणें

मराठी भाषेंत आजारास 'दुखणें' असें म्हणतात. अंगांत कोठें तरी दुखूं लागतें, म्हणून माणूस वैद्याकडे जातो, पथ्य पाळतो व औषध घेतो. आणि दुखावयाचें थांबलें कीं, पथ्य व औषध हीं दोन्हीं सोडून देतो. ही रीत पडशास व पोटदुखीस पुरी पडते. परंतु एक विकार असा आहे कीं, त्यांत बहुधा कांहींच दुखत नाहीं. भूक लागते, झोंप येते, जिना चढतां येतो, आरशांत चेहरा नेहमींसारखाच दिसतो. आणि आंतल्या आंत हृदय, मेंदू, मूत्रपिंडें व डोळे यांची झीज वर्षानुवर्षें चाललेली असते. हा विकार म्हणजे वाढलेला रक्तदाब होय. आम्हांस तो जडून अकरा वर्षें झालीं. त्यांतील पहिलीं दोन वर्षें आम्हीं तो औषधावांचून ताब्यांत ठेविला, आणि पुढील नऊ वर्षें औषधासह ठेवीत आलों आहों. दोन्ही वाटा आमच्या पायांखालच्या असल्यामुळें त्यांविषयीं चार शब्द आमच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहावे असें मनांत आलें.

प्रथम हा दाब म्हणजे काय तें पाहूं. हृदय आकुंचन पावलें म्हणजे रक्त धमन्यांत लोटलें जातें व तें त्यांच्या भिंतींस आंतून रेटतें. हा रेटा किती मोठा असतो, हें इंग्लंडांतील स्टीफन हेल्स नांवाच्या एका धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनीस कांचेची उभी नळी जोडून पाहिलें, तों रक्त नळींत आठ फुटांहूनही उंच चढलें. हा प्रयोग त्यानें इ. स. १७३३ मध्यें प्रसिद्ध केला. धमनीस छिद्र न पाडतां दाब मोजण्याचा दंडावरील पट्टा इटलींतील रिव्हा-रोची यानें १८९६ मध्यें काढिला. आणि १९०५ मध्यें कोरोटकोव्ह नांवाच्या रशियन शस्त्रवैद्यानें धमनींतील आवाज नळीनें ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ओळखण्याची युक्ति सांगितली. वरचा आंकडा हृदय आकुंचन पावतें त्या वेळचा, व खालचा तें सैल पडतें त्या वेळचा. १२० वर ८० च्या आसपासचा दाब चांगला समजतात. दवाखान्यांत निरनिराळ्या दिवशीं मोजूनही वरचा आंकडा १४० किंवा अधिक, अथवा खालचा ९० किंवा अधिक भरत राहिला, तर दाब वाढला असें वैद्य सामान्यतः ठरवितात.

परंतु मोजतां येणें निराळें आणि उतरवितां येणें निराळें. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्यें १८६ वर १०८ भरला होता. जगांतील उत्तम वैद्य त्यांच्या हाताशीं होते. पण दाब खात्रीनें उतरविणारें व रोज घेण्याजोगें औषध त्या वैद्यांच्याही हातीं नव्हतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ६३ वर्षांचें होतें. पुढें चार वर्षांनीं, म्हणजे १९४९ सालीं, आपल्या मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळीनें दाब कसा उतरतो याविषयींचा आपला अनुभव एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला, व त्याकडे साऱ्या जगाचें लक्ष गेलें. १९५२ मध्यें त्या मुळींतून रेसर्पिन नांवाचें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. त्यानें कित्येकांचें मन खिन्न होई, म्हणून अधिक सोसवणारीं औषधें आल्यावर तें मागें पडलें. आणि ती मुळी घरीं उगाळून घेणें हें तर आज कोणींही करूं नये. परंतु दाब औषधानें उतरवितां येतो, ही आशा बळकट करण्यांत मुंबईच्या एका वैद्याचा हात होता, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावें.

दाब उतरविल्यानें माणूस खरोखर वांचतो काय, याचा निवाडा व्हावयास आणखी अवधि लागला. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडून, ७३ जणांस खरीं औषधें व ७० जणांस तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या देण्यांत आल्या. १९६७ मध्यें त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. पोकळ गोळ्या घेणारांपैकीं २७ जणांस गंभीर उपद्रव झाले व चौघे दगावले. खरें औषध घेणारांत असा उपद्रव दोघांसच झाला, व दगावला कोणीही नाहीं. रूझवेल्ट यांस जें मिळूं शकलें नाहीं, तें आज गांवोगांवच्या दवाखान्यांत मिळतें, एवढ्यासाठीं हा इतिहास सांगितला.

आतां आमची हकीकत. अकरा वर्षांपूर्वीं आमचा दाब १४८ वर ९४ भरला. रक्त, लघवी व हृदय यांची तपासणी चांगली निघाली, तेव्हां डॉक्टरांनीं तीन महिन्यांची मुदत दिली व सांगितलें, "मीठ कमी करा, वजन उतरवा आणि रोज चाला; मग पाहूं." आम्हीं प्रथम मिठाचा हिशेब मांडिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें दिवसास पांच ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभराहूनही कमी, मीठ खावें. आमच्या घरीं माणसें पांच. तेव्हां महिन्याचें मीठ पाऊण किलोच्या आंत असावें. प्रत्यक्षांत दीड किलो संपत होतें; शिवाय लोणचें, पापड, सुकी मासळी, खारे शेंगदाणे, फरसाण व पाव यांच्या पोटांतून येणारें मीठ निराळेंच! घरांतून प्रश्न आला, "अहो, अळणी केलें तर मुलें जेवतील का?" म्हणून एकदम अळणी न करितां पायरीपायरीनें उतरलों. ताटांत डावीकडे मीठ वाढणें बंद झालें. भात व पोळीची कणीक यांत मीठ पडेनासें झालें. लोणचें रोजचें होतें तें सणावारीं आलें. पहिले पंधरा दिवस जेवण बेचव लागलें. दोन महिन्यांनीं एका लग्नांत जेवावयास गेलों, तों तेथील आमटी मुलांसच खारट लागली! जीभ ही शिकविली तशी शिकते. सैंधव किंवा काळें मीठ घेतलें म्हणजे सुटलों, असें कित्येकांस वाटतें. परंतु तींही मुख्यतः मीठच होत. पोटॅशियम घातलेलें मीठ मात्र मूत्रपिंडाचा विकार असणारांनीं, व दाबाचीं कांहीं औषधें घेणारांनीं, डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

मिठाच्या जोडीस भाज्या, फळें, डाळी व ताक यांचें प्रमाण वाढविलें. सकाळीं अर्धा तास झपाट्यानें चालूं लागलों. सहा महिन्यांत वजन ७८ किलोंवरून ७२ वर आलें व दाब १३४ वर ८४ झाला. औषधावांचून दाब उतरतो तो असा. त्यांत चमत्कार नाहीं, पण एकही दिवस सुट्टी नाहीं.

याच सुमारास आमच्या वडील बंधूंवर जो प्रसंग आला, तो सांगितल्यावांचून हा लेख पुरा होणार नाहीं. दादांचा दाब आमच्याहून पुष्कळ अधिक होता व ते चार वर्षें नियमानें गोळी घेत होते. दाब १२८ वर ८० आला. त्यांतच कोणी ओळखीच्या माणसानें त्यांस सांगितलें कीं, गोळी एकदां लागली कीं जन्मभर सुटत नाहीं, तेव्हां वेळींच सोडावी. त्यांनीं सोडली. आम्हीं म्हटलें, "दादा, डॉक्टरांस विचारलेंत का?" ते हंसून म्हणाले, "अरे, पाऊस थांबल्यावर छत्री कोण धरतो?" त्यांस कांहीं दुखत नव्हतें, म्हणून दाब मोजावयासही ते गेले नाहींत. आठ महिन्यांनीं एके सकाळीं दाढी करितां करितां त्यांच्या उजव्या हातांतून वस्तरा गळून पडला, तोंड वांकडें झालें व वाचा गेली. पुढें ते तीन वर्षें जगले. चार मंडळी जमलीं म्हणजे ज्यांच्या गोष्टींस रात्र अपुरी पडे, त्यांच्यापाशीं "बरें" हा एकच शब्द उरला होता. भूक लागली, वेदना झाल्या, नातवंड मांडीवर बसलें, कांहींही झालें तरी ते "बरें" म्हणत; आणि त्यांतला कोणता अर्थ कोणत्या वेळचा, हें वहिनी त्यांच्या डोळ्यांवरून ओळखीत. पाऊस थांबला नव्हता. छत्रीमुळें ते कोरडे होते. गोळीनें हा विकार बहुधा बरा होत नाहीं. तो ताब्यांत राहतो. आंकडा चांगला आला, हें गोळी काम करीत असल्याचें लक्षण. तें गोळी सोडण्याचें कारण नव्हे.

म्हणून दोन वर्षांनीं पथ्य तेंच व चालणें तेंच असतांही आमचा दाब पुन्हां १५२ वर ९६ भरूं लागला, तेव्हां "गोळी घ्यावी कीं न घ्यावी" हा वाद आमच्या घरीं झाला नाहीं. वय वाढतें, धमन्या ताठर होतात, आईबापांकडून आलेला वारसाही असतो; त्यांत पथ्याचा पराजय नाहीं. पहिल्या गोळीनें आम्हांस कोरडा खोकला लागला. आम्हीं ती परस्पर टाकून न देतां डॉक्टरांस कळविलें, व त्यांनीं दुसऱ्या जातीची गोळी दिली; तिनें तो राहिला. गोळी सुरू झाल्यावर पथ्य सोडिलें नाहीं. म्हणूनच आजवर एका गोळीवर भागलें असावें. वजन पुष्कळ उतरल्यामुळें ज्यांची गोळी कमी झाली किंवा सुटली, असे लोकही असतात. पण ती डॉक्टरांनीं मोजून, पाहून व हळूहळू सोडविलेली असते. पथ्य व औषध हे एकमेकांचे वैरी नव्हेत. एकाच गाडीस जुंपलेले ते दोन बैल आहेत. कोणास एक बैल पुरतो, कोणास दोन लागतात. कोणास किती लागतील, हें ओझें पाहून ठरवावयाचें.

आणि ओझें कळतें तें मोजण्यानेंच. मोजण्यापूर्वीं अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू घेऊं नये. लघवीस जाऊन यावें. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. दंड हृदयाच्या पातळींत टेकलेला असावा, व मोजतांना बोलूं नये. मिनिटभरानें पुन्हां मोजून दोन्ही आंकडे तारखेसह वहींत लिहावे. एका वेळच्या आंकड्यानें घाबरूं नये व हुरळूनही जाऊं नये.

विद्यार्थिमित्रहो, हें मोठ्या माणसांचें दुखणें, त्यांत आपलें काय काम, असें म्हणूं नका. घरांतील आजी-आजोबांचा दाब वहींत लिहून ठेवणें, त्यांची गोळी संपण्यापूर्वीं चार दिवस आठवण देणें, संध्याकाळीं त्यांच्याबरोबर चालावयास जाणें, हें तुम्हांस सहज करितां येईल. कोणाचें तोंड अकस्मात् वांकडें झालें, हातांतील बळ गेलें किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर तेल चोळीत न बसतां तत्काळ मोठ्या रुग्णालयांत न्यावें, हें पक्कें लक्षांत ठेवा. तुमची स्वतःची जीभ अजून कोवळी आहे. तिला आतांच थोड्या मिठाची संवय लावा, आणि मधल्या सुटींतील खाऱ्या पुड्यांचा मोह आवरा.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, प्रकृति ठणठणीत आहे म्हणून दाब मोजावयाचा राहूं देऊं नका. तो मोजण्यास पांच-दहा मिनिटें लागतात, व सरकारी आरोग्य केंद्रांत त्यास पैसे पडत नाहींत. २०१७ सालीं दाबाच्या रोग्यांवर नियमित देखरेख ठेवण्याचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या राज्यांत आपलें महाराष्ट्रही होतें. या लेखाच्या वाचनानें एका जरी घरीं न मोजलेला दाब मोजला गेला, किंवा सोडलेली गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानें पुन्हां सुरू झाली, तरी आमचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.