चावंड दिसतोय तोवर

जुन्नरात सायकल काढायची तर आभाळ एकदा पाहून भागत नाही, ते गावागणिक पाहावं लागतं. शहरातून नाणेघाट जेमतेम तीसेक किलोमीटर. श्रावणात निघताना पाठीवर कोवळं ऊन असतं. आपटाळ्याच्या पुढे वारं छातीवर येतं, पायडल जड होतं, आणि घाटघरला पोचेस्तोवर पाऊस आडवा झोडपायला लागतो. पूर्वेकडची टोमॅटोची शेतं एका सरीसाठी ताटकळत असतात, त्याच वेळी इथली भातखाचरं बांधावरून वाहत असतात. घाटमाथा ढग अडवतो. पलीकडे जातं ते उरलंसुरलं.

हवामान खात्याचा इशारा मी पाहतोच. घाटमाथ्याला ऑरेंज असेल तर सायकल भिंतीलाच टेकलेली बरी. पण यलोच्या दिवशी खरा सल्ला वाटेवरच मिळतो. चहा गाळता गाळता टपरीवाल्या मावशींनी मान वर न करता सांगितलं होतं, “चावंड दिसतोय तोवर जा, दादा. झाकला की मागं फिरा.” गड झाकला म्हणजे पुढच्या वळणावरची गाडीही दिसणार नाही. शेवाळलेला डांबरी उतार आणि ओली रिम, ब्रेक दाबूनही चाक सरकत राहतं.

वळवाची चाल वेगळी. वैशाखातल्या दुपारी वारं एकाएकी पडतं, पान हलत नाही. मग मातीचा वास घेऊन गार झोत येतो. तेव्हा पठारावर असू नये. रबरी टायर विजेपासून वाचवत नाहीत, एकटं झाड तर मुळीच नाही. पक्क्या घरात शिरावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच काढावा. थंडीत नारायणगावाकडं उसाच्या कडेनं धुकं साचतं. ऊन चढू द्यावं, मग निघावं.

शेजारच्या आंबेगाव तालुक्यानं मात्र याहून कठीण गोष्ट शिकवली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. मुरलेलं पाणी डोंगर सैल करतं, ते वरून दिसत नाही. म्हणून घोडेगाव सोडून आहुप्याकडं वळताना ऊन पडलेलं असलं तरी मी आधी विचारतो, मागच्या चार दिवसांत इथं किती पडला? झड लागून गेली असेल तर निरभ्र आभाळाचंही ऐकत नाही.