दोऱ्याला टांगलेली लिंबे

आपल्याकडून स्पेनला जाणारे बहुतेक लोक कुर्तुब्याची मशीद आणि ग्रॅनडाचा अल-हमरा पाहून परततात. आम्ही माद्रिदलाही दोन दिवस थांबलो. तिथल्या प्रादो संग्रहालयात राजेरजवाड्यांची भव्य चित्रे आहेत, पण आमचे पाय खिळले ते एका लहानशा चित्रापाशी.

तोलेदोचे चित्रकार हुआन सांचेझ कोतान यांनी ते १६०२ साली काढले. खिडकीसारखी दगडी चौकट, मागे काळोख. वरून दोऱ्यांना टांगलेली लिंबे, पानांसकट सफरचंदे आणि शिकार केलेले पक्षी. खाली गाजरे, मुळे आणि कार्दो नावाच्या भाजीचे वाकलेले देठ. माणूस एकही नाही. फळे-भाज्या टिकाव्यात म्हणून त्या काळी थंड खोलीत अशा टांगून ठेवत. आपण कांदे-लसणाच्या माळा टांगतो, तसेच. अशा चित्राला स्पॅनिशमध्ये ‘बोदेगोन’ म्हणतात.

आम्ही पडलो भाषा शिकवणारे. आमचे लक्ष नावांकडे गेले. लिंबाला स्पॅनिशमध्ये ‘लिमोन’ म्हणतात, अरबीत ‘लैमून’. गाजराचे ‘थानाओरिया’ हे नावही अंदलूसच्या अरबीतूनच आले. मळ्याला पाणी देणारा पाट ‘आसेकिया’, म्हणजे अरबी ‘साकिया’. दक्षिणेत रस्तोरस्ती दिसणारे ‘नारांखा’ म्हणजे अरबी ‘नारंज’, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘नारंग’. आपले नारिंगच ते! इराणी आणि अरबांच्या हातून ते इतक्या दूर पोहोचले.

हे चित्र रंगवले गेले तेव्हा तोलेदोत मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांची कुटुंबे राहत होती. त्यातली कित्येक ग्रॅनडातून उठवून आणलेली. भाजीपाला आणि फळबागा पिकवण्यात मोरिस्कोंचा हातखंडा होता. सातच वर्षांनी, १६०९ मध्ये, राजा तिसरा फिलिप याचे फर्मान निघाले. १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसे देशाबाहेर काढली गेली. त्यातली बरीच मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिसमध्ये पोहोचली.

मळे मागे राहिले, झाडे राहिली, पाट राहिले. त्यांची नावेही राहिली. स्पेनमधले मूल आजही लिंबू मागते ते त्याच नावाने.

स्पेनला जाणार असाल तर एक सकाळ या चित्रासाठी ठेवा. मुले बरोबर असतील तर ही नावे त्यांना मोठ्याने वाचायला सांगा.