गाडीचा पट्टा

आमच्या वडील बंधूंची 1978 सालची अँबॅसडर गाडी 2019 सालीं, त्यांच्या पश्चात्, आमच्याकडे आली. ती चालविण्याचें काम आम्ही पत्करलें. तिच्या पोटांत डोकावण्याचें मात्र आम्हांस कधीं सुचलें नाहीं. दिवाळींत पुतण्या वाईस आला असतां त्यानें बॉनेट उघडून सांगितलें, "काका, फॅनबेल्टला आंतून चिरा पडल्या आहेत. नवा आणून डिकींत ठेवला आहे, तेवढा बदलून घेऊं." आम्ही म्हणालों, "गाडी चालते आहे ना? मग कशाला हात लावतोस?" चाळीस वर्षें दुसऱ्यांस सांगण्यांत गेलेल्या माणसास ऐकून घेण्याची संवय राहत नाहीं.

वैशाखांत वहिनींचे डोळे दाखवून साताऱ्याहून परतत असतां पांचवडपुढें लाल दिवा लागला. घर आतां जवळच, म्हणून आम्ही गाडी तशीच दामटली. मैल-दीड मैलांत वाफेचे लोट उठले. हा एकटा पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि वीज करणारा डायनामो या तिघांस फिरवितो. तो तुटला कीं पाणी खेळेनासें होतें आणि इंजिन तापूं लागतें. दिवा लागतांच थांबावयास हवें होतें. घाईघाईनें आम्ही रेडिएटरचें झांकण उघडावयास गेलों, तोंच एका ट्रॅक्टरवाल्यानें आमचा हात धरला. आंतलें पाणी दाबाखालीं असतें. झांकण सैल होतांच तें तोंडावर उसळलें असतें. वहिनी आमच्या शेजारींच उभ्या होत्या, नुकतेंच औषध घातलेले डोळे मिटून.

त्याच ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही घरीं आलों. नवा पट्टा सहा महिने आमच्याच पाठीमागें डिकींत प्रवास करीत होता, हें वहिनींनीं बोलून दाखविलें नाहीं.

रविवारीं पुतण्या पुण्याहून आला. इंजिन थंडगार होतें. बॅटरीची तार काढून त्यानें डायनामोचे बोल्ट सैल केले, डायनामो इंजिनाकडे ढकलला, आणि पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून ओवून कप्प्यांवर चढवूं लागला. तो चढेना तेव्हां आम्ही स्क्रूड्रायव्हर पुढें केला. "नको काका, कड फाटते. डायनामोच आणखी आंत घ्यायचा." पट्टा हा शब्द संस्कृत 'पट्ट' यावरून आला, ही माहिती आम्ही त्यास याच वेळीं दिली. "विजेरी जरा खालीं धरा," तो म्हणाला.

मग लांकडी दांडक्यानें डायनामो बाहेर रेटून बोल्ट आवळले. पट्ट्याच्या लांब बाजूच्या मध्यावर दाबलें असतां तो सुमारें अर्धा इंच लवावा. फार सैल असेल तर घसरतो, फार ताठ असेल तर बेअरिंगें झिजतात. पुतण्यानें आमचा आंगठा धरून तेथें दाबून दाखविला.

वहिनी ओटीवर बसून पाहत होत्या. "हात अगदीं ह्यांच्यावर गेले आहेत, भाऊजी," त्या म्हणाल्या. दहावीनंतर त्यास आय. टी. आय. मध्यें जावयाचें होतें. घरांतले शिक्षक म्हणून बंधूंनीं आमचा सल्ला घेतला, आणि 'पाने फिरवावयास का एवढा शिकविला?' असें म्हणून आम्ही त्यास कॉमर्सला घातलें. आज तो बँकेंत आहे, सुखांत आहे. ती गोष्ट ओटीवर कोणीं काढली नाहीं, आम्हींही नाहीं.

पाणी भरून त्यानें किल्ली फिरविली. लाल दिवा लागला आणि विझला.

नवा पट्टा आरंभीं थोडा ताणतो, आठ दिवसांनीं पुन्हा पाहा, असें तो बजावून गेला. पुढच्या रविवारीं आम्ही आंगठ्यानें दाबून पाहिलें. पट्टा अर्ध्या इंचाहून बराच अधिक लवला. बोल्ट आम्हींच सैल केले, आम्हींच आवळले. विजेरी वहिनींनीं धरली होती.