उमेदवाराची वही एक रुपयात बघता येते

पोस्ट जरा लांब आहे. पण पुन्हा निवडणुकीचं वारं सुटलंय, म्हणून लिहितोय. वेळ काढून वाचा.

आधी कामाची गोष्ट. लोकसभेला किंवा विधानसभेला उभ्या राहिलेल्या प्रत्येक उमेदवाराला निकालानंतर 30 दिवसांच्या आत आपल्या खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. 1961 च्या निवडणूक नियमांतला 88 वा नियम सांगतो की हा हिशेब कुणालाही बघता येतो. फी फक्त एक रुपया. प्रत हवी असेल तर तिचे पैसे वेगळे. गणपती मंडळाला वर्गणी दिली तरी आपण पावती मागतो. इथं तर आपण पाच वर्षं देतो आणि वही उघडून बघत नाही.

मी असे हिशेब चाळलेत. वाचायला कंटाळवाणे असतात, खोटं कशाला बोलू. मंडप, खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा, गाडीभाडं, चहा, वडापाव. दर निवडणूक कार्यालयच ठरवून देतं, त्यामुळे सगळ्या उमेदवारांचा चहा साधारण एकाच भावाचा. पण खर्चाची पानं उलटली की एक छोटा भाग येतो, पैसे आले कुठून याचा. त्यात तीनच वाटा : स्वतःचे, पक्षाने दिलेले आणि इतर व्यक्ती, कंपनी वगैरेंकडून आलेले. माझ्या मते अख्ख्या वहीत वाचायचं तेवढंच.

आता तुम्ही म्हणाल, उमेदवाराला मर्यादा लोकसभेला 95 लाख, विधानसभेला 40 लाख, मग मोठा पैसा असतो कुठं? तर तो पक्षाकडे असतो आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. सुप्रीम कोर्टाने 15 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक रोखे रद्द केले आणि महिन्याभरात यादी बाहेर आली, तेव्हा हे देशाने बघितलं. लॉटरीवाली फ्यूचर गेमिंग 1,368 कोटी. धरणं, कालवे, बोगदे बांधणारी मेघा इंजिनीअरिंग 966 कोटी. खाणी आणि धातूवाला वेदांत समूह 400 कोटींच्या आसपास. कोळशावर वीज करणारी हल्दिया एनर्जी 377 कोटी. भाजपला 6 हजार कोटींच्या वर मिळाले, काँग्रेसला 1,400 कोटींच्या वर. म्हणजे कमीजास्त असेल, पण रोखे वटवणारे दोन्हीकडे.

अमुक पैशाच्या बदल्यात अमुक निर्णय झाला असं मी म्हणत नाही, तो पुरावा माझ्याकडे नाही. मी एवढंच म्हणतो की कोळसा, खाण आणि धरणाच्या ठेक्यातला पैसा ज्यांच्या प्रचाराला लागतो, ते हवामान बदलावर काय बोलतात आणि कशावर गप्प बसतात, हे आपण शेजारी शेजारी ठेवून वाचायला पाहिजे.

बोलायला सगळेच बोलतात. पंतप्रधानांनी 2021 मध्ये ग्लासगोत 2070 पर्यंत नेट झिरोचा शब्द दिला. काँग्रेसच्या 2024 च्या न्याय पत्रात पर्यावरण आणि हवामान बदलासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचं आश्वासन होतं. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण आपल्याकडे 7 मे 2024 ला मतदान झालं ते चाळिशीच्या उन्हात, आणि प्रचार गाजला तो स्थानिक की बाहेरचा यावर. त्याच उन्हाळ्यात उजनी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेलं. पुढं सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावं पाण्यात. दीड वर्षाच्या आत धरणाचा तळ आणि नदीचा पूर, दोन्ही बघितले आपण. एकेका दुष्काळाचं, पुराचं खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही हे कळतंय मला. पण ही टोकं वारंवार येणार, असं शास्त्रज्ञ कधीपासून सांगतायत.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या जिल्ह्यात देणगीदार शोधायला मुंबई-दिल्लीला जायची गरज नाही. तीसच्या वर साखर कारखाने आहेत. एका कारखान्याचा चेअरमन एका पक्षात, दुसऱ्याचा दुसऱ्या पक्षात, तिसरा निवडणुकीगणिक इकडून तिकडे. बऱ्याचदा चेअरमन स्वतःच उमेदवार असतो, नाहीतर त्याचा मुलगा, पुतण्या. पैसा देणारा आणि मत मागणारा एकाच घरातला. मग उजनीच्या पाण्यातलं उसाला किती, पिण्याला किती, डाळिंब-ज्वारीला किती, हे कुठला पक्ष विचारणार? राज्य सरकारने 2017 मध्ये उसाला ठिबक टप्प्याटप्प्याने सक्तीचं करायचा निर्णय घेतला होता. त्याचं पुढं काय झालं, हा प्रश्न प्रचारसभेत मी तरी कधी ऐकला नाही.

शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही मला. ऊस हे एकच पीक असं की ज्याला ठरलेला दर आहे आणि घेणारा ठरलेला आहे. तो ऊस लावणारच की ओ. पण दुसऱ्या पिकाला तशी हमी उभी करायचं काम ज्यांचं, त्यांचाच धंदा उसावर उभा आहे, ही खरी अडचण.

दुसरं उदाहरण फताटेवाडी-आहेरवाडीच्या एनटीपीसीचं. 1,320 मेगावॅट, कोळशावर चालणारा, पाणी उजनीचं. सुशीलकुमार शिंदे केंद्रात ऊर्जामंत्री असताना प्रकल्प आला, त्यांचा पक्ष ते काम अभिमानाने सांगतो. संच सुरू झाले ते 2017 आणि 2019 ला, भाजपच्या काळात. एनटीपीसी सरकारी कंपनी, तिला कायद्याने पक्षाला देणगी देताच येत नाही. तरी त्या कोळशाबद्दल आणि पाण्याबद्दल दोन्ही पक्ष सारखेच गप्प. म्हणजे दरवेळी पैसाच तोंड बंद करतो असंही नाही. कधी श्रेय पुरतं.

मध्यंतरी एका यंत्रमाग कामगाराशी बोलत होतो. पत्र्याचं शेड, मेचं ऊन, आत यंत्रांची गरमी वेगळी. उमेदवाराला काय विचारशील म्हणलं, तर म्हणाला, “साहेब, ऊन काय कुणाच्या जाहीरनाम्यात असतंय का?” पक्षांच्या जाहीरनाम्यात हवामान असतं, हे त्याला सांगायचा मला धीर झाला नाही. कारण त्यातलं एक वाक्यसुद्धा त्याच्या पत्र्यापर्यंत पोचलेलं नाही. विडी वळणाऱ्या बायकांच्या घरापर्यंत तरी कुठं पोचलंय?

तेव्हा यंदा दारात येणाऱ्याला, मग तो कुठल्याही चिन्हाचा असो, तीन प्रश्न विचारा. एक, पक्ष सोडून तुम्हाला पैसे कुणी दिले? दोन, उजनी उणेत गेलं की पाणी आधी कुणाचं तोडणार? तीन, मेमध्ये शेडमधल्या आणि रस्त्यावरच्या कामगाराच्या कामाच्या वेळा बदलायला तुम्ही काय करणार?

दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या उत्तराशी ताडून बघा. उत्तर टाळलं तर लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर फुकट आहे. त्याची मालमत्ता, शेअर्स, कर्जं, सगळं असतं त्यात. त्याचा जीव कशात अडकलाय ते तिथं कळतं. आणि निकालानंतर एक रुपया घेऊन कलेक्टर ऑफिसला जा. एकट्याने जायला संकोच वाटत असेल तर कमेंटमध्ये सांगा, पाच-दहा जण मिळून जाऊ. रुपये मी भरतो.