अण्णांच्या डोळ्यातला वडस

माझे माहेर लातूरचे आणि सासर नांदेडचे. माहेरी आमचे धान्याचे आडत दुकान. दुकानात संगणक आला, तरी अण्णांची कीर्द अजून त्यांच्याच हातची. लक्ष्मीपूजनाला नव्या वहीवर ‘श्री’ काढण्याचा मानही त्यांचाच. गेल्या दिवाळीत मात्र त्यांनी लेखणी माझ्या भावापुढे केली. “तूच काढ रे. माझा हात कापतो,” म्हणाले.

हात कुठला कापतो? काठोकाठ भरलेला चहाचा पेला त्याच हाताने त्यांनी नुकताच मला दिला होता!

दोन वर्षे त्यांच्या हिशेबात एकाचे नऊ आणि नवाचा एक होत होता. आम्ही भावंडे हसत होतो. “अण्णा, आता दुकान सोडा,” असे मीच त्यांना सुनावले होते. पाडव्याच्या सकाळी अंगणात त्यांना ओवाळताना मी प्रथमच त्यांच्या डोळ्यात नीट पाहिले. नाकाकडच्या कोपऱ्यातून लालसर त्रिकोणी पापुद्रा बुबुळावर सरकला होता. वडस! आमच्याकडची जुनी माणसे उर्दूच्या वळणाने त्याला ‘नाखुना’ म्हणत.

“हा एकदा कापून घेतलाय. वर्षात दुप्पट वाढला,” अण्णा म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या शस्त्रक्रियेने त्यांची हिंमतच गेली होती. शेवटी नातवंडांचे निमित्त करून मी त्यांना नांदेडला आणले आणि डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या निघाल्या. म्हणाल्या, “आजोबा, हे दुखणे फार जुने. सुश्रुताने याला ‘अर्म’ म्हटले आहे आणि आकड्याने उचलून कापायला सांगितले आहे. पण नुसते कापले, तर पुष्कळदा ते परत येते. तण उपटून जागा उघडी ठेवावी, तसेच ते. म्हणून आता त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा काढून त्या जागी लावतात. अमेरिकेतल्या केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली ही पद्धत पुढे मांडली. पुन्हा येण्याची भीती तिने पुष्कळ कमी होते.”

“पण मला अक्षर का दिसत नाही? बाहुली तर उघडीच आहे,” अण्णांनी विचारले.

“वडस नुसता झाकत नाही, ओढतोही. बुबुळावरची काच त्याच्या ताणाने एका बाजूला चपटी होते. मग अक्षरे फाकतात.”

ऊन, धूळ आणि वारा यांत आयुष्य काढणाऱ्यांना हा विकार अधिक होतो. धान्याच्या ढिगापाशी चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाला आणखी काय सांगायचे?

डोळा बधिर करून शस्त्रक्रिया झाली. काही दिवस डोळा लाल होता, वाळू गेल्यासारखा खुपत होता. थेंब कित्येक आठवडे चालले. काच स्थिरावल्यावर चष्म्याचा नंबर तपासला, तो निम्म्याहून कमी भरला. मात्र वडस जिथे बुबुळावर चढला होता, तिथे पुसट पांढरा डाग राहिला. “थोडे आधी यायला हवे होते,” बाई म्हणाल्या. अण्णा काही बोलले नाहीत. माझी मान मात्र खाली गेली.

प्रत्येक वडस कापावा लागत नाही. लहान असेल, तर टोपी, काळा चष्मा, थेंब आणि अधूनमधून तपासणी एवढ्यावर भागते. पण तो बाहुलीकडे सरकू लागला, किंवा घरातले वडीलधारे माणूस अचानक हिशेब टाळू लागले, तर हसू नये. त्याच्या डोळ्यात पाहावे.

परवा अण्णांचे कार्ड आले. “दिवाळीला ये. या वेळी श्री मीच काढणार.” वर तारीख घातली होती. एक तो एक, नऊ तो नऊ.