टेबलावरचे स्टिअरिंग

ज्यांच्या दारात मोटार उभी असते त्यांच्या मुलांना ती वेगळी शिकवावी लागत नाही. रविवारी सकाळी वडील शेजारी बसतात, सोसायटीच्या आवारात चार फेऱ्या होतात, गाडी दहा वेळा बंद पडते, कोणी ओरडत नाही, आणि महिन्या-दोन महिन्यांत मूल रस्त्यावर गाडी घेऊन येते. आम्ही येरवड्याच्या फुलेनगरात राहतो. आळंदी रोडचे आरटीओ ऑफिस आमच्या वस्तीतच आहे. अर्धे पुणे लायसन्ससाठी आमच्या दारावरून जाते. परंतु आमच्या गल्लीत मोटारीचे लायसन्स असलेली एकही बाई कालपरवापर्यंत नव्हती. पुरुषांत रिक्षावाले आहेत, टेम्पोवाले आहेत. ते शिकले ते कुणाच्या तरी गाडीवर क्लीनर म्हणून राबून, रात्री गाडी धुता धुता मालकाची नजर चुकवून. मुलीला ही वाट कुठून मिळणार? म्हणून आमच्या घरी गेल्या वर्षी जे झाले ते वाचक बंधू-भगिनींना सांगावेसे वाटते.

आमची थोरली बारावी झाल्यावर वाघोलीकडच्या एका पार्सल कंपनीच्या गोदामात लागली. दहा तास उभ्याने खोकी लावायची. तेथे वरच्यांनी सांगितले की, पक्के लायसन्स आणणाऱ्या मुलींना छोटा हत्ती चालवायला देऊ. पगारात साडेपाच हजारांचा फरक पडेल. साध्या मोटारीच्या लायसन्सवर अशी मालाची गाडी चालते की नाही, यावर पूर्वी कोर्टात वाद होत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला. हलक्या मोटारीचे लायसन्स असेल तर साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते. म्हणजे एका लायसन्सवर काम भागत होते. थोरलीने लर्निंग काढले. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची चाचणी देता येते. वेळ होता, गाडी नव्हती.

एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत हलकी मोटार शिकवण्याचा काळ निदान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवणे निदान १० तास, असे लिहिले आहे. भागाकार केला तर दिवसाला अर्धा तासही भरत नाही. थोरलीच्या वाट्याला तेवढेही येईना. तीन मुली एकदम गाडीत बसवायच्या; एकीने चालवायचे, दोघींनी मागे बसून बघायचे. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळे क्लच आणि ब्रेक असतात, त्यांवरून त्याचा पाय कधी हलतच नसे. आठव्या दिवशी थोरली घरी येऊन म्हणाली, "पप्पा, गाडी मी चालवते का ते चालवतात, हेच मला कळत नाही."

धाकटा पॉलिटेक्निकला आहे. लॉकडाऊनमध्ये त्याच्या अभ्यासासाठी हप्त्याने घेतलेला कॉम्प्युटर घरात आहे आणि त्यावर तो अभ्यास सोडून मोटारींच्या शर्यतीही करतो. तो म्हणाला, शर्यतीसाठी जे स्टिअरिंग आणि पेडल मिळतात ते जुने आणू, ताईचे हात-पाय त्यावर बसतील. घरात दोन दिवस वाद. "फी भरून बसलोय, आणि आता खेळण्याला पैसे?" असे त्यांच्या आईचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे नव्हते. कारण धाकट्याच्या मनात ताईचे लायसन्स किती आणि स्वतःची शर्यत किती, हे सांगणे कठीण होते.

आम्ही मात्र खडकीला कारखान्यात तीस वर्षे काढलेली. नव्या माणसाचा हात आधी बंद यंत्रावर बसवतात, मग बटण दाबतात, हे आमच्या अंगवळणी. विमानाचेही तसेच आहे. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या गृहस्थाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. या लिंकने १९२९ च्या सुमारास ऑर्गनचे भाते वापरून जमिनीवरच डुलणारे, वळणारे खोटे विमान तयार केले. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांतून, म्हणजे खेळणे म्हणूनच. १९३४ साली टपाल नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक मेले, तेव्हा लष्कराने ती खोटी विमाने विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांचे पहिले धडे त्यातच झाले. आपल्याकडेही २०२१ पासून जी सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रे निघाली त्यांना सिम्युलेटर ठेवणे बंधनकारक आहे. तेव्हा कल्पना खुळी नव्हती. प्रश्न एवढाच होता की, आमच्या ऐपतीत येणारी वस्तू शिकवील की नुसती पळवील?

पहिले स्टिअरिंग पाहिले ते विश्रांतवाडीला एका मुलाकडे. दिसायला झकास, लाल दिवे लागत. हातात घेतले तर टोकापासून टोकापर्यंत पाऊण वेढा फिरून अडकले. खऱ्या गाडीचे तीन-एक वेढे फिरते. शिवाय खाली पेडल दोनच. क्लच नाही! क्लचशिवाय आपल्याकडची मालाची गाडी शिकायची कशी? धाकटा म्हणाला, शर्यतीत क्लच लागत नाही, बोटाने गिअर पडतो. आम्ही ते तेथेच ठेवून निघालो.

दुसरे लॉजिटेकचे जी-२९, कल्याणीनगरच्या एका इंजिनिअर मुलाने काढायला ठेवलेले. ते अडीच वेढे फिरते, तीन पेडल आहेत, आणि स्टिअरिंगच्या पोटात मोटर बसवली आहे. त्यामुळे पडद्यावरच्या गाडीची पुढची चाके घसरू लागली की स्टिअरिंग हातात एकदम हलके पडते, खड्ड्यातून गेले की हिसका बसतो, वळण संपले की ते आपोआप सरळ व्हायला बघते. ब्रेकखाली रबर आहे. पहिल्यांदा सहज दबतो, मग जोर लावावा लागतो. हे महत्त्वाचे, कारण खरा ब्रेक पायाच्या जोराने मोजायचा असतो, पाय किती खाली गेला यावरून नव्हे. गिअरची दांडी मात्र कंपनी वेगळी विकते. त्या मुलाकडे ती होती. दोन्ही मिळून चौदा हजार सांगितले, साडेअकराला दिले. नवे घ्यायचे आमच्या कल्पनेतही नव्हते.

घरी आणल्यावर नवीनच अडचण. टेबलाला स्टिअरिंग आवळता येते, पण ब्रेक दाबला की प्लॅस्टिकची खुर्ची मागे सरके. शेवटी सुतळीने खुर्ची टेबलाच्या पायाला बांधली आणि पेडलमागे भिंतीपर्यंत फळी लावली. त्यांची आई म्हणाली, गाडीला खुंट्याला बांधली म्हणा की.

आता खेळ कोणता? खरी निवड येथेच होती, आणि वस्तू निवडण्यापेक्षा ती अवघड. धाकट्याने आधी असेट्टो कोर्सा लावला. इटलीच्या लोकांनी केलेला, २०१४ साली पुरा झालेला. त्यातले रेसचे रस्ते लेझरने मोजून घेतले आहेत आणि टायरची पकड इतकी बारकाईने बसवली आहे की खरे रेसवालेही त्यावर सराव करतात. थोरली बसली. पहिल्याच वळणाला वाळूत. पण आमचे लक्ष दुसरीकडे होते. तिने क्लच एकदम सोडला तरी इंजिन बंद पडले नाही. पुन्हा सोडायला सांगितला, तरी नाही. आम्ही म्हटले, हा शिकवणारा फार प्रेमळ आहे, चालणार नाही. जेथे चूक केल्यावर गाडी बंद पडत नाही तेथे हाफ क्लच यायचा कसा? शेवटी सिटी कार ड्रायव्हिंग नावाचा एक रशियन खेळ मिळाला. दिसायला साधा. पण क्लच चुकला की गाडी गचका खाऊन बंद. चढावर मागे घसरते. सिग्नल तोडला, इंडिकेटर दिला नाही, की लगेच चूक लिहून दाखवतो. रहदारी डाव्या बाजूने ठेवता येते. पहिल्या संध्याकाळी थोरलीने गाडी एकतीस वेळा बंद पाडली. धाकटा भिंतीवर खडूने रेघा मारत होता. मागे हॉर्न नाही, शेजारी उसासे नाहीत, पेट्रोल नाही. चौथ्या दिवशी रेघा सहा.

तरीही शर्यतीचा खेळ काढून टाकला नाही, आणि ते बरे झाले. कारण नजर कुठे ठेवायची हे त्यानेच शिकवले. नवा माणूस बोनेटच्या पुढचे दहा फूट बघतो. वेग असेल तर तेवढ्यात काही करता येत नाही. शर्यतीत वळणाच्या पलीकडे बघावे लागते. दुसरे म्हणजे ब्रेक वळणाआधी, गाडी सरळ असतानाच मारायचा. वळणात जोरात ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, मागची चाके हलकी पडतात आणि शेपूट फिरते. पुस्तकात हे दहा वेळा वाचून समजत नाही. पडद्यावर एकदा गाडी गरकन फिरली की समजते.

खेळावरून खऱ्या शर्यतीत गेलेला माणूसही आहे. कार्डिफचा जॅन मार्डनबरो २०११ साली ग्रान टुरिस्मो या खेळाच्या स्पर्धेत पहिला आला आणि दोन वर्षांत ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळवला. २०२३ साली त्याच्यावर सिनेमा आला तेव्हा धाकट्याने आम्हाला तो दाखवला होता. पण त्याच मुलाची गाडी मार्च २०१५ मध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगवर हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि बघायला उभा असलेला एक माणूस मेला. आम्ही थोरलीला हे मुद्दाम सांगितले. टेबलावर अपघात झाला की एक बटण दाबतात आणि गाडी पुन्हा नवी होते. आमच्या घरी नियम केला : धडक झाली की त्या दिवसाचा सराव बंद, खुर्चीवरून उठायचे. धाकट्याला हा नियम फार जाचला.

थोरलीचे मामा पीएमपीची बस चालवतात. एका रविवारी ते आले. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "दाजी, हिला आरसे दिसतात का?" आरसे पडद्याच्या कोपऱ्यात होते, नखाएवढे. ते मोठे करून घेतले. मग स्वतः बसले, आणि पाच मिनिटांत त्यांचा चेहरा उतरला, मळमळू लागले. एवढी बस हाकणारा माणूस! पण त्यालाही कारण आहे. डोळे सांगतात गाडी वळली, आणि बूड सांगते खुर्ची हललीच नाही. ज्याच्या अंगात खरी गाडी मुरलेली असते त्याला हा गोंधळ जास्त होतो. लिंबूपाणी पिऊन ते म्हणाले, "हात-पाय बसायला चांगलं आहे. पण क्लच कुठं पकडतो ते खऱ्या गाडीत पायाला कळतं, अंगाला कळतं. इथं नुसता आवाज ऐकून समजायचं. आणि बाळा, यातली माणसं शहाणी आहेत. आपल्याकडे दुचाकीवाला डावीकडून घुसतो आणि उजवीकडे वळतो." हे खरे. कोणत्याही खेळात विश्रांतवाडीचा चौक नाही. उलट्या दिशेने येणारा नाही, मधेच थांबलेली रिक्षा नाही, पावसात दिसेनासा झालेला खड्डा नाही. त्याची तालीम रस्त्यावरच घ्यावी लागते, आणि ती लर्निंगवर, लाल 'एल' लावून, शेजारी लायसन्सवाला माणूस बसवूनच.

पण फरक येथेच पडला. ड्रायव्हिंग स्कूलमधली जी वीस मिनिटे ती गिअर शोधण्यात घालवत होती, ती आता रस्ता बघण्यात जाऊ लागली. पाय आपोआप पडत होते. शिकवणाऱ्याने एक दिवस स्वतःहून आपले पाय मागे घेतले.

गल्लीतल्या काही पालकांनी विचारले, आमचा पंधरा वर्षांचा आहे, त्याला बसवू का? जरूर बसवा. त्या वयाच्या मुलाच्या हातात खरी गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. टेबलाला कोणी दंड करीत नाही.

चाचणी नाशिक फाट्याला, भोसरीच्या आयडीटीआरच्या ट्रॅकवर झाली. आठचा आकडा निघाला. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढली, मागे घसरली नाही. 'एच'मध्ये मागे घेताना चाक रेघेला लागले आणि ती नापास झाली. मागे घेण्याचा सराव तिने टेबलावरही कमीच केलेला, कारण पडद्यावर मान वळवून मागे बघता येत नाही. त्यानंतर तिचे मामा दोन रविवार मित्राची व्हॅन घेऊन एका मोकळ्या मैदानात आले, विटा मांडून 'एच' केला आणि तिच्याकडून तोच करून घेतला. दुसऱ्या खेपेला पास.

लायसन्स पोस्टाने घरी आले तेव्हा तिच्या आईने ते पाकिटातून काढून, फोटो नीट बघून, कपाटात साड्यांखाली ठेवले. थोरली म्हणाली, "मम्मी, ते बरोबर ठेवायचं असतं."

आता कंपनीची स्वतःची चाचणी आहे. भरलेला छोटा हत्ती गोदामाच्या धक्क्याला मागे लावायचा. माल भरला की मागचे काही दिसत नाही, दोन आरशांवरच काम. म्हणून सध्या रात्री युरो ट्रक सिम्युलेटर चालू असते. त्यातल्या इंग्लंडच्या रस्त्यांवर आपल्यासारखीच डावीकडून रहदारी आहे आणि स्टिअरिंग उजवीकडे. ट्रेलर मागे घ्यायचा तर स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते. छोट्या हत्तीला ट्रेलर नसतो हे आम्हालाही कळते, पण आरशांवर विश्वास ठेवायची सवय त्याने लागते असे तिचे मामा म्हणतात. काल तिने अकरा वेळा ट्रेलर धक्क्याला लावला, तीनदा भिंतीला. रेघा मारायला आता तिची आई बसते.